कचऱ्याचा मधला मुक्काम

घरोघर फिरणारी घंटागाडी लहान असणे गल्लीबोळांच्या दृष्टीने अपरिहार्य आहे. परंतु तीच लहान गाडी शहराबाहेरच्या प्रकल्पापर्यंत धाडली, तर तिचा निम्मा दिवस रस्त्यावरच खर्ची पडतो, आणि ज्या वस्तीत तिने दुसरी फेरी करावयाची तेथला कचरा दारातच कुजत राहतो. म्हणून वाटेत सोयीच्या जागी अनेक लहान गाड्यांतील कचरा एका मोठ्या, बंदिस्त वाहनात भरून पुढे रवाना करण्याची जी तजवीज करतात, तिला पालिकेच्या दप्तरी कचरा हस्तांतरण केंद्र म्हणतात; पुणेकर तिला नुसते रॅम्प म्हणतात.

ही कल्पना जुनीच आहे. मुंबईत गेल्या शतकाच्या प्रारंभी कचऱ्याने भरलेली आगगाडी चेंबूरकडे जात असे; कुर्ला-चेंबूर हा लोहमार्ग १९०६ साली मुळात त्या कचऱ्यासाठी टाकला गेला आणि त्यावरून उतारूंची वाहतूक १९२४ साली सुरू झाली.

रॅम्पवर घंटागाडी चढणीवरून मागे मागे घेत वर नेतात, फाळका उघडतात, आणि भाजीची देठे, शिळे अन्न, चहाचा चोथा, भिजलेले कागद यांचा लोंढा खाली उभ्या असलेल्या कंटेनरमध्ये कोसळतो. त्यातून निथळणारे काळपट, आंबूस पाणी फरशीच्या बारीकशा भेगेतूनही वाट काढते, आणि शेजाऱ्यांचा खरा तंटा बहुधा या पाण्याशी व त्याच्या दर्पाशीच असतो. म्हणून उताराची पक्की फरशी, झाकलेले गटार, पाणी साठविण्याची टाकी आणि गाड्यांची रांग रस्त्यावर न येता आवारातच मावेल एवढी जागा यांची तरतूद पहिल्याच नकाशात असली पाहिजे. मागाहून ती होत नाही.

तथापि जागा मुक्रर करण्यापूर्वी विचारावयाचा मुख्य प्रश्न पुढच्या प्रवासाचा आहे. २०१६ च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनी हस्तांतरण केंद्राची व्याख्या करताना कचरा झाकलेल्या वाहनांतून किंवा कंटेनरमधून प्रक्रियेच्या वा विल्हेवाटीच्या ठिकाणी नेण्याचेच सांगितले, साठविण्याचे नव्हे. पुण्याचा कचरा पूर्वी कोथरूडला पडे. पुढे तो उरुळी देवाची आणि फुरसुंगीच्या शिवारात गेला, तेथील विहिरींचे पाणी नासले, आणि २०१७ च्या उन्हाळ्यात डेपोला आग लागल्यावर ग्रामस्थांनी गाड्या अडविल्या, तेव्हा शहरात ठिकठिकाणी कचरा तुंबून राहिला. ग्रामस्थांचा संताप रास्त होता. पुढची वाट बंद झाली की मधला मुक्काम पाहता पाहता डेपो बनतो, आणि या भीतीपोटीच नव्या केंद्राचे नाव निघताच आसपासचे रहिवासी हरकतींचे अर्ज घेऊन उभे राहतात. त्यांना अडाणी ठरविणे सर्वथा अन्यायाचे आहे. रोजचा कचरा रात्रीपर्यंत पूर्ण उचलला जाईल याची लेखी हमी, आणि तो उचलला न गेल्यास जाब कोणी द्यावयाचा त्या अधिकाऱ्याचा हुद्दा, या दोन्ही गोष्टी त्यांना बांधकामापूर्वी मिळाल्या पाहिजेत.

नकाशात बहुधा विसरली जाते ती कागद-काच-पत्रा वेचणारी बाई. पुण्यात ‘स्वच्छ’ या सहकारी संस्थेच्या रूपाने अशा कष्टकऱ्यांनी २००८ पासून घरोघरचा कचरा गोळा करण्याचे काम हाती घेतले आहे. सुका माल निवडण्यास छपराची जागा, हात धुण्यास नळ, स्वच्छतागृह आणि कपडे बदलण्यास आडोसा यांसाठी लागणारी जमीन फारशी नसते. तिची मोजणी मात्र वजनकाट्याच्या जागेबरोबरच व्हावयास हवी.