मलेशियातील दुसरे घर: ५६,०६६ पास आणि दोन वेळा बदललेली किंमत

३१ जानेवारी २०२४ रोजी विदेशी नागरिकांना वास्तव्याचा पास देणाऱ्या ‘मलेशिया माय सेकंड होम’ या योजनेचे ५६,०६६ पासधारक होते. त्यांत चिनी नागरिक २४,७६५, म्हणजे ४४ टक्के. दक्षिण कोरियाचे ४,९४० आणि जपानचे ४,७३३ मिळवले की तीन देशांचा वाटा ६१ टक्के होतो. भारतीय १,२२३, म्हणजे २.२ टक्के, यादीत भारत नववा. सुमारे ६० लाख वस्तीच्या सिंगापूरचे पासधारकही १,२८२ होते, भारतापेक्षा ५९ ने जास्त.

बांगलादेशाचा आकडा ३,६०४ होता. लोकसंख्या भारताच्या जेमतेम आठव्या हिश्शाची, पासधारक मात्र जवळपास तिप्पट. भारतीय रहिवाशाला रिझर्व्ह बँकेच्या उदारीकृत प्रेषण योजनेत एका आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलर बाहेर पाठवता येतात. तशी खुली सवलत बांगलादेशात नाही. त्यामुळे पैशाच्या बेकायदा निर्यातीचा विषय निघाला की ढाक्यात या ३,६०४ जणांची चर्चा होते.

हा पास म्हणजे कायमचे वास्तव्य नव्हे. ठरावीक मुदतीचा, हवे तितक्या वेळा ये-जा करू देणारा तो परवाना आहे. त्यातून नागरिकत्व मिळत नाही, त्यामुळे भारतीय पासपोर्टला धक्का लागत नाही.

२००२ पासून चाललेली ही योजना ऑगस्ट २०२० मध्ये थांबवली गेली. तोवर पन्नाशी ओलांडलेल्या अर्जदाराला दीड लाख रिंगिटची मुदत ठेव आणि दरमहा १०,००० रिंगिट उत्पन्न दाखवावे लागे. पन्नाशीच्या आतील व्यक्तीला ठेव तीन लाखांची. सरकारी निवृत्तिवेतनच दरमहा १०,००० रिंगिट असेल, तर ठेवीची अटही सुटत असे. २०२४ च्या मध्याचे दर (डॉलर ८३.४ रुपये, रिंगिट १७.७ रुपये) सगळीकडे लावले, तर दीड लाख रिंगिट म्हणजे २६.५ लाख रुपये.

ऑक्टोबर २०२१ मध्ये योजना पुन्हा उघडली तेव्हा ठेव १० लाख रिंगिट झाली, म्हणजे १.७७ कोटी रुपये. मासिक उत्पन्नाची अट चौपट होऊन ४०,००० रिंगिटवर गेली, म्हणजे ७ लाख रुपयांवर. पासची मुदत मात्र १० वर्षांवरून ५ वर्षांवर आली.

जून २०२४ मध्ये तीन श्रेणी आल्या. सिल्व्हरसाठी ठेव दीड लाख डॉलर, गोल्डसाठी ५ लाख, प्लॅटिनमसाठी १० लाख. पासची मुदत अनुक्रमे ५, १५ आणि २० वर्षे. मासिक उत्पन्नाची अट काढून टाकली आणि तिच्या जागी घरखरेदी सक्तीची केली: किमान ६ लाख, १० लाख आणि २० लाख रिंगिटचे घर. माझ्या मते हा बदल ठेवीच्या रकमेपेक्षा मोठा आहे. २०२० पर्यंत योजना अर्जदाराला विचारत होती, ‘दरमहा किती येतात?’ आता विचारते, ‘एकरकमी किती देता?’ निवृत्तिवेतनावर शांतपणे राहू पाहणाऱ्या माणसासाठी ही योजना होती; त्याची जागा आता घर विकत घेणाऱ्याने घेतली आहे.

भारतीय अर्जदाराचे गणित सिल्व्हरपाशीच अडते. ठेव दीड लाख डॉलर आणि घर सुमारे १.२७ लाख डॉलर, मिळून २.७७ लाख. सर्वांत खालची श्रेणीच एका व्यक्तीची वार्षिक मर्यादा २७,००० डॉलरने ओलांडते. पास हाती आल्यावर ठेवीतील निम्मी रक्कम घरासाठी काढता येते. ती सोय वापरली तर गरज २.०२ लाख डॉलरवर येते, म्हणजे १.६९ कोटी रुपयांवर, आणि मर्यादेत बसते. त्यावर १ एप्रिल २०२५ पासूनच्या नियमाप्रमाणे १० लाखांपुढील रकमेवर २० टक्के टीसीएस (पैसे पाठवतानाच वसूल होणारा कर): सुमारे ३२ लाख रुपये. विवरणपत्र भरल्यावर हा कर वळता होतो किंवा परत मिळतो. तोवर तेवढी रोकड अडकते. गोल्डसाठी ठेवीतून काही न काढता आणि कर्ज न घेता ७.१ लाख डॉलर लागतात, म्हणजे पती-पत्नींना दोन आर्थिक वर्षे. प्लॅटिनमसाठी तीन, आणि वर दोन लाख रिंगिट शुल्क.

जुनी किंमत मात्र एका ठिकाणी टिकून आहे. विशेष आर्थिक क्षेत्राच्या श्रेणीत पन्नाशीपुढच्यांना ३२,००० डॉलर आणि त्याखालच्यांना ६५,००० डॉलर ठेव पुरते. रिंगिटमध्ये हे दीड लाख आणि तीन लाख होतात, म्हणजे जवळजवळ २०२० पूर्वीचेच आकडे; पासची मुदतही तेव्हासारखीच १० वर्षे. अट एवढीच की घर तिथे, आणि थेट विकासकाकडून घ्यायचे. यातले ठळक ठिकाण जोहोर राज्यातील फॉरेस्ट सिटी. समुद्रात भराव घालून ७ लाख लोकांसाठी आखलेले हे शहर बरेचसे रिकामे आहे, आणि ते उभारणारी चिनी कंपनी कंट्री गार्डन ऑक्टोबर २०२३ मध्ये विदेशी रोख्यांवरील देणी चुकवू शकली नाही. स्वस्त ठेवीमागचे कारण शोधायला दूर जावे लागत नाही.

मुदतींकडेही पाहायला हवे. पन्नाशीच्या आतील पासधारकाच्या कुटुंबाने मिळून वर्षात ९० दिवस मलेशियात राहायचे असते. भारतात कर-रहिवासी ठरायला १८२ दिवस पुरतात. ९० दिवस तिकडे काढून उरलेले २७५ इथे घालवणाऱ्याचे जागतिक उत्पन्न भारतातच करपात्र राहते. आणि सिल्व्हरचा पास ५ वर्षांचा असला, तरी त्यासाठी घेतलेले घर १० वर्षे विकता येत नाही. याहून महाग घर घ्यायचे असेल तरच सूट. पासचे नूतनीकरण होते, पण २०२१ आणि २०२४ असे दोन मोठे नियमबदल तीन वर्षांच्या आत झाले आहेत.