पेशी जिवंत आहेत तोवर

लस बर्फाच्या पेटीतून न्यायची, औषध गार जागी ठेवायचे, ही सवय आपल्याकडच्या आरोग्य कर्मचाऱ्यांच्या हाताला इतकी बसलेली असते की सीडी-४ तपासणीच्या नळीबद्दलची सूचना वाचून नव्या माणसाला गोंधळायला होते. जांभळ्या टोपणाची लहानशी नळी, आत थोडे रक्त आणि ते गोठू नये म्हणून घातलेले ईडीटीए. सूचना अशी, की नळी बर्फात ठेवू नये, उन्हातही ठेवू नये. खोलीच्या तापमानाला ठेवावी आणि ४८ तासांच्या आत तपासणी लावावी. इथे खोलीचे तापमान म्हणजे २० ते २५ अंश सेल्सिअस. मे महिन्यातल्या बीडमध्ये अशी खोली शोधावीच लागते.

एवढा सोपस्कार कशासाठी, तर त्या रक्तातल्या पेशी जिवंत हव्यात. मेलेल्या पेशीचे आवरण फाटते, तपासणीचा रंग नको तिथे चिकटतो आणि आकडा खोटा येतो.

बीड जिल्ह्यात एचआयव्हीच्या मोफत उपचाराची दोन प्रमुख ठिकाणे आहेत. एक बीडचे जिल्हा रुग्णालय आणि दुसरे अंबाजोगाईचे स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय. हैदराबाद मुक्तिसंग्रामाच्या नेत्याचे नाव असलेले हे महाविद्यालय सत्तरच्या दशकात निघाले, तेव्हा खेड्यापाड्यांच्या मध्यावर वैद्यकीय महाविद्यालय काढणे ही अपूर्वाईच होती. एआरटी, म्हणजे एचआयव्हीवरच्या औषधोपचाराच्या, केंद्रात नोंद झाली की रुग्णाला ग्रीन बुक मिळते. त्यात वजन, औषधांच्या तारखा आणि एका रकान्यात सीडी-४. रांगेत बसलेली माणसे एकमेकांना आजाराचे नाव घेऊन विचारत नाहीत, "तुमचे सीडी-फोर किती आले?" असे विचारतात. समुपदेशक समजावताना 'पांढऱ्या पेशी' म्हणतात. ते चूक नाही, पण अपुरे आहे. पांढऱ्या पेशी अनेक जातींच्या. त्यांतल्या लिम्फोसाइटांमध्ये टी-पेशी, टी-पेशींमध्ये पुन्हा मदतनीस टी-पेशी, आणि या मदतनीस पेशींच्या पृष्ठभागावर सीडी-४ नावाचे प्रथिन असते. एचआयव्ही नेमके तेच प्रथिन धरून आत शिरतो. निरोगी प्रौढाच्या रक्ताच्या एका घन मिलिमीटरमध्ये अशा पेशी साधारण ५०० ते १५०० असतात.

अडचण अशी की सूक्ष्मदर्शकाखाली सीडी-४ असलेली टी-पेशी आणि सीडी-८ असलेली टी-पेशी अगदी सारख्या दिसतात. डोळ्याला फरक कळतच नाही. तो कळावा म्हणून रंग लागतो, आणि रंग नेमका हव्या त्या पेशीलाच लागावा म्हणून प्रतिपिंड.

या रंगाची गोष्ट जुनी आहे. अडॉल्फ फॉन बायर यांनी १८७१ मध्ये फ्लुरोसीन तयार केले. निळा प्रकाश पडला की ते हिरवे चमकते. अल्बर्ट कून्स यांनी १९४०च्या दशकाच्या आरंभी प्रतिपिंडाला असा चमकणारा रंग जोडून दाखवला. पण चमकणाऱ्या पेशी मोजायच्या तर डोळे सूक्ष्मदर्शकाला लावून तासन्‌तास बसणे आले. स्टॅनफर्डचे लेनर्ड हर्झेनबर्ग याच कामाला कंटाळले होते. अणुबाँब जिथे घडला त्या लॉस अलामोसमध्ये मॅक फुलवायलर यांनी १९६५ मध्ये पेशींना थेंबाथेंबात बसवून वेगळे करणारे यंत्र केले होते. ते आकारमानावरून निवड करी. हर्झेनबर्ग यांनी त्याचा आराखडा मिळवला आणि त्याला चमक ओळखण्याची दृष्टी दिली. त्यांच्या गटाचा १९६९चा शोधनिबंध आजही वाचण्याजोगा आहे, कारण त्यात वापरलेला पदार्थ, फ्लुरोसीन डायॲसिटेट, मुळात बिनचमकीचा असतो. जिवंत पेशीच्या आत गेल्यावर तिथली विकरे त्याचे तुकडे करतात आणि मग तो चमकू लागतो. म्हणजे चमक हाच पेशी जिवंत असल्याचा दाखला. याच सुमारास जर्मनीत वोल्फगांग ग्योडे यांनीही चमकीवर चालणारे मोजणीयंत्र बांधले होते.

मात्र या यंत्राला खरे बळ आले ते १९७५ मध्ये. केंब्रिजला जॉर्ज कोहलर आणि सीझर मिलस्टाइन यांनी एकाच लक्ष्यावर बसणारे, हवे तितके बनवता येणारे मोनोक्लोनल प्रतिपिंड तयार केले. त्याचे पेटंट घेतले गेले नाही. ब्रिटनमध्ये त्यावर पुढे बरीच हळहळ झाली. मला मात्र वाटते, त्या चुकीचे जगाने आभार मानावेत. कारण सहाच वर्षांनी, जून १९८१ मध्ये, लॉस एंजेलिसमधल्या पाच तरुणांच्या विचित्र न्यूमोनियाची बातमी आली, आणि मायकेल गॉटलीब यांच्या गटाने अशाच प्रतिपिंडांनी रक्त तपासून पाहिले तेव्हा मदतनीस टी-पेशी जवळजवळ नाहीशा झालेल्या आढळल्या. विषाणूचा शोध लागला १९८३ मध्ये. विषाणू दिसण्याआधी त्याने केलेला विध्वंस रंगांनी दाखवला होता.

आता यंत्राचे काम. ज्याने बीड-माजलगाव भागात साखर कारखान्याचा वजनकाटा पाहिला आहे त्याला हे पटकन कळेल. बाहेर उसाच्या गाड्यांची झुंबड असते, पण काट्यावर एका वेळी एकच गाडी चढते, तिची नोंद होते आणि ती पुढे सरकते. फ्लो सायटोमीटरमध्ये पेशींना असेच एका रांगेत आणतात. बाहेरून वेगाने वाहणाऱ्या द्रवाच्या वेष्टनात रक्ताची धार बारीक होत जाते, इतकी की पेशी एकामागून एक लेझरच्या किरणासमोरून जातात. सेकंदाला हजारो. पेशीवर आपटून प्रकाश पुढे किती गेला त्यावरून तिचे आकारमान कळते, बाजूला किती विखुरला त्यावरून आतले कण कळतात, आणि रंगांची चमक वेगळ्या गाळण्यांमधून वेगळ्या संवेदकांवर जाते.

भारतातल्या एआरटी केंद्रांसाठी अनेक वर्षे वापरले गेलेले फॅक्सकाउंट हे यंत्र मोठ्या संशोधन यंत्राचे आटोपशीर रूप होते. त्याला रक्त लागते फक्त ५० मायक्रोलिटर. नळीत आधीच दोन प्रतिपिंडे असतात, एक सीडी-४ साठी आणि एक सीडी-३ साठी. दोन कशाला? कारण मोनोसाइट नावाच्या पेशींवरही थोडे सीडी-४ असते, पण सीडी-३ नसते. दोन्ही खुणा असतील तीच आपली पेशी. एका प्रतिपिंडाला जोडलेला रंग, फायकोएरिथ्रिन, लाल समुद्री शैवालात सापडतो. प्रकाश पकडण्यासाठी निसर्गाने घडवलेले हे प्रथिन १९८२ पासून प्रयोगशाळांच्या कामाला आले. रक्त घातल्यावर नळी तासभर अंधारात ठेवायची, कारण उजेडात रंग विझतो. मग पेशी आहे त्या अवस्थेत थिजवणारे द्रावण घालून नळी यंत्रात ठेवायची.

आकडा कसा निघतो ते पाहण्यासारखे आहे. नळीत ठरावीक संख्येचे चमकणारे सूक्ष्म मणी असतात. समजा मणी ५०,००० आहेत, आणि यंत्रापुढून १०,००० मणी गेले तोवर सीडी-४ पेशी गेल्या ३,५००. तर सगळ्या नळीत पेशी १७,५००. त्याला ५० ने भागा: ३५०. ग्रीन बुकात उतरतो तो हाच आकडा.

या आकड्याचा बाऊही करू नये. सीडी-४ दिवसातही बदलते, दुपारच्या सुमारास कमी आणि रात्री जास्त, सर्दी-तापातही घसरते. मागच्या वेळी ४५०, आता ४१० आले म्हणून जेवण सोडणारी माणसे मी पाहिली आहेत. पाच वर्षांखालील मुलांत तर निव्वळ संख्या फसवी असते, कारण त्यांच्या लिम्फोसाइट मुळातच भरपूर असतात. तिथे टक्केवारी पाहतात. बीडजवळच्या पाली येथे दत्तात्रय आणि संध्या बारगजे यांनी एचआयव्हीबाधित मुलांसाठी 'इन्फंट इंडिया'चे घर उभे केले. अशा घरात मुलांच्या वाढीच्या नोंदींशेजारी या टक्केवारीला किती महत्त्व असते ते वेगळे सांगायला नको.

१ एप्रिल २००४ रोजी सरकारने मोफत एआरटी सुरू केली तेव्हा औषध कोणाला द्यायचे हे बहुतांशी याच आकड्यावर ठरत होते. २०० च्या खाली गेलात तर औषध. म्हणजे आजार पुरेसा वाढेपर्यंत थांबा! पुढे ही रेषा ३५० वर आली, मग ५०० वर. २०१५ मध्ये ३५ देशांतल्या ४,६८५ लोकांवरच्या 'स्टार्ट' चाचणीने लवकर औषध सुरू करण्याचा फायदा निर्विवाद दाखवला आणि २०१७ पासून भारतात निदान झाले की लगेच औषध हे धोरण आले. २०१८ मध्ये विषाणूची संख्या मोजणारी व्हायरल लोड चाचणी नियमित झाली. औषध लागू पडते आहे का, हे ती अधिक नेमके सांगते. शिवाय तिला जिवंत पेशी लागत नाहीत. रक्तद्रव वेगळा करून गोठवला की तो खुशाल दूर पाठवता येतो.

इथेच मला धोका दिसतो. जगभर सीडी-४ मोजण्याकडे दुर्लक्ष वाढले आहे. औषध सुरू असलेल्या, प्रकृती स्थिर असलेल्या माणसाला ते वारंवार मोजायची गरज नाही, हे खरे. पण जो पहिल्यांदाच येतो, किंवा औषध सोडून वर्षभराने परत येतो, त्याची प्रतिकारशक्ती किती उरली आहे हे व्हायरल लोड सांगू शकत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या व्याख्येत प्रौढाचे सीडी-४ २०० च्या खाली म्हणजे प्रगत एचआयव्ही आजार. तिथे क्षय आणि क्रिप्टोकॉकसचा मेंदूज्वर शोधावा लागतो, नाहीतर औषध सुरू करूनही माणूस हातचा जातो.

आणि उशिरा येणारा माणूस बीडमध्ये कोण असतो? बहुतेकदा ऊसतोड मजूर. दसरा-दिवाळीला मुकादमाची उचल फेडायला जोडप्याचा कोयता कोल्हापूर, सांगली, सातारा, बेळगावकडे निघतो. मार्च-एप्रिलपर्यंत मुक्काम फडाजवळच्या कोपीवर. तपासणीची तारीख या काळात आली की एक खाडा पडतो, आणि खाड्याचे पैसे कापले जातात. तिथल्या केंद्रात नाव नोंदवता येते, पण आपला आजार मुकादमाला आणि टोळीला कळेल ही भीती मोठी. मग औषध तुटते. फडातल्या माणसाचे रक्त ४८ तासांत यंत्राजवळ नेणे हा रसायनशास्त्राचा प्रश्न उरत नाही. तो रस्त्याचा आणि मजुरीचा होतो. हंगाम संपताना, गावी परतलेल्यांसाठी एप्रिलमध्ये सीडी-४ ची खास मोहीम आखणे अवघड नाही, आणि माझ्या मते बीडसाठी तीच सर्वांत शहाणपणाची गुंतवणूक ठरेल.

चमकीवरून पेशी ओळखण्याची हीच विद्या याहून नाजूक कामे करते, पण त्यासाठी मुंबई गाठावी लागते. परळच्या केईएम रुग्णालयाच्या आवारातल्या राष्ट्रीय प्रतिरक्षा-रक्तविज्ञान संस्थेत जन्मजात प्रतिकारदोषांचे निदान होते. एखाद्या बाळाला पुन्हापुन्हा गळवे होतात, बीसीजीच्या जागेची गाठ वाढत जाते. तेव्हा त्याच्या न्यूट्रोफिलमध्ये डायहायड्रोऱ्होडामाइन हा बिनचमकीचा पदार्थ सोडतात आणि पेशीला डिवचतात. निरोगी पेशी जंतू मारण्यासाठी जो तीव्र ऑक्सिजन तयार करते, त्याने हा पदार्थ हिरवा उजळतो. क्रॉनिक ग्रॅन्युलोमॅटस आजाराच्या बाळात अंधारच राहतो. दोष एक्स गुणसूत्रावरचा असेल तर आईच्या रक्तात अनेकदा दोन्ही जातींच्या पेशी दिसतात, काही उजळलेल्या, काही विझलेल्या. एका आलेखात दोन शिखरे. न्यूट्रोफिलचे आयुष्य फार थोडे, त्यामुळे नमुना ताजा लागतो. बीड शहरात पहिली रेल्वे आली ती १७ सप्टेंबर २०२५ रोजी, तीही अहिल्यानगरपर्यंत. तोवर या बाळांचा मुंबईचा प्रवास सडकेनेच होत होता, आणि अजून बराचसा तसाच होतो.

हा अंक हाती पडेल तेव्हा ऊसतोडीच्या टोळ्या निघायच्या बेतात असतील. ओळखीत कोणी एआरटीवर असेल तर निघण्यापूर्वी केंद्रात एवढेच सांगायला सुचवा की आपण कुठल्या तालुक्यात जाणार आहोत. जास्त महिन्यांची औषधे आणि तिथल्या जवळच्या केंद्राचे पत्र मागून घेता येते. तपासणी आणि औषधे मोफत आहेत, रुग्णाची ओळख गुप्त ठेवणे २०१७ च्या कायद्याने बंधनकारक आहे, आणि चौकशीसाठी राष्ट्रीय मदतवाणीचा निःशुल्क क्रमांक आहे १०९७.