चित्र दिसतं, पण आवाज कुठे गेला?

लग्नाचा व्हिडिओ फोनवर उघडावा, तर चित्र दिसतं आणि आवाज नाही; किंवा आवाज येतो आणि पडदा काळाच. बहुतेक वेळा फाइल बिघडलेली नसते. एमपी४ किंवा एमकेव्ही हा नुसता डबा. चित्र, आवाज आणि सबटायटल्स आत वेगवेगळ्या कप्प्यांत असतात. एखादा कप्पा फोनला उघडता आला नाही, की असं होतं.

फुल एचडी व्हिडिओची एक फ्रेम न दाबता साठवली तर सुमारे ६ एमबी जागा घेते. सेकंदाला ३० फ्रेम म्हणजे जवळपास १८६ एमबी! म्हणून कोडेक, म्हणजे व्हिडिओ दाबण्या-उलगडण्याची पद्धत, मुख्यतः बदललेला भागच नोंदवून फाइल आटोपशीर करतो. २००३ सालचा एच.२६४ हा कोडेक जवळजवळ प्रत्येक फोनवर चालतो. २०१३चा एचईव्हीसी आणि २०१८चा एव्ही१ तेवढंच चांगलं चित्र कमी जागेत बसवतात, पण बऱ्याच जुन्या फोनच्या चिपमध्ये त्यांची सोय नसते. मग सगळा भार प्रोसेसरवर येतो. चित्र अडखळतं, फोन तापतो, बॅटरी झपाट्याने उतरते.

फाइलच्या नावापुढचं एक्स्टेन्शन बदलून काही साधत नाही. आधी व्हीएलसी हा मोफत प्लेअर वापरून पाहा; बहुतेक कोडेक त्यात आधीपासूनच असतात. तरीही अडलं, तर संगणकावर हँडब्रेक या प्रोग्रॅमने फाइल एच.२६४मध्ये बदलून घ्या. मूळ फाइल मात्र पुसू नका, कारण अशा प्रत्येक रूपांतरात थोडा तपशील कायमचा जातो.