निरोप येतो, पैसे अडतात

परदेशातून आलेले पैसे शक्यतो त्याच दिवशी खात्यात जमा करा, असे सांगणारा मसुदा रिझर्व्ह बँकेने ऑक्टोबर २०२५ मध्ये काढला. अशा वेळी चर्चा हटकून ब्लॉकचेनकडे वळते. मसुद्याचा भर मात्र नोस्ट्रो खात्याच्या ताळमेळावर आहे. शब्द रुक्ष, पण खरी मेख तिथेच आहे. पैसा सीमा ओलांडतच नाही. आपल्या बँकेचे न्यूयॉर्कच्या बँकेत डॉलरचे खाते असते, तेच नोस्ट्रो. डॉलर तिथे जमा होतात आणि इकडे येतो तो स्विफ्टचा, म्हणजे बँकांमधल्या संदेशयंत्रणेचा, निरोप. (हुंडीचेही असेच होते : प्रवास कागदाचा, रोकड जागच्या जागी.) बँक फॉर इंटरनॅशनल सेटलमेंट्सच्या समितीने २०२२ मध्ये व्यवहाराचा माग ठेवणाऱ्या स्विफ्ट जीपीआय सेवेची आकडेवारी तपासली, तेव्हा निम्मे व्यवहार १ तास ३८ मिनिटांच्या आत पुरे झालेले आढळले. काही मार्गांवर मात्र दोन दिवसांहून अधिक वेळ लागला आणि तो मुख्यतः गेला शेवटच्या, म्हणजे पैसे घेणाऱ्या बँकेत. अनेक बँका नोस्ट्रोचे विवरण दिवसअखेर एकदाच पाहतात. तोवर पैसे आलेले असून नसल्यासारखे. महाजाल कितीही वेगवान केले, तरी बँकेतले हे ताळमेळाचे टेबल हलत नाही.

बँकांचे म्हणणे असे की ‘फेमा’ या परकीय चलन कायद्याची आणि काळ्या पैशाची तपासणी टाळता येत नाही. खरे आहे. पण तोच कायदा लागू असताना सिंगापूरच्या ‘पेनाऊ’मधून यूपीआयवर फेब्रुवारी २०२३ पासून पैसे क्षणात येतात. ती किरकोळ रक्कम, निर्यातदाराच्या बिलाची गोष्ट वेगळी, हा आक्षेप मला मान्य आहे. मात्र पैसे कशासाठी आले हे निरोपातच व्यवस्थित लिहिण्याची सोय आयएसओ २००२२ या नव्या संदेश-मानकात आहे. रकाने रिकामे ठेवले तर दोष तंत्राचा नाही. दुपारनंतर परकीय चलनाचा बाजार मिटतो, ही अडचण खरी, आणि मसुद्यानेही उशिरा आलेल्या रकमेला पुढचा कामकाजाचा दिवस दिला आहे. सकाळी आलेल्या रकमेचे काय? २०२३-२४ मध्ये अनिवासी भारतीयांनी देशात पाठवलेल्या रकमेतला २०.५ टक्के वाटा एकट्या महाराष्ट्रात आला, तेव्हा ही चौकशी परक्याची नाही. निरोप येताच ग्राहकाला कळवा, ही मसुद्यातली तरतूद म्हणूनच मला ताळमेळाइतकी मोलाची वाटते. दहा वाजता मोबाइलवर संदेश आला, की संध्याकाळी काउंटरवर ‘अजून वरून आलेच नाहीत’ हे उत्तर खपत नाही.