गिअर खाली घ्यायचा की नाही?

जुनी पद्मिनी किंवा अँबॅसडर बाळगणाऱ्याला मिस्त्री कधी ना कधी सल्ला देतोच, “साहेब, गिअर खाली घेऊन टाका.” म्हणजे स्टिअरिंगच्या नळीला चिकटलेली दांडी काढायची आणि दोन सीटच्या मध्ये फ्लोअरवर दांडा उभा करायचा. नाशिकहून त्र्यंबकेश्वरला जाणारा तीसेक किलोमीटरचा रस्ता या सल्ल्याची दोन्ही कारणं दाखवतो. श्रावणातल्या गर्दीत गाडी पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्येच रांगते, दर मिनिटाला दांडी हलते. आणि त्र्यंबकच्या पुढे मोखाडा-जव्हारकडे निघालं की घाटउतारावर खालचा गिअर मागता क्षणी लागावा लागतो. दोन्ही ठिकाणी झिजलेली दांडी दगा देते.

मुळात ती वर गेली माणसं बसवण्यासाठी. अमेरिकेत १९३८ च्या सुमारास पाँटिअॅक आणि कॅडिलॅकनं गिअर स्टिअरिंगवर नेला. पायापाशी मोकळं झालं, पुढची सीट सलग झाली, तिसऱ्याची सोय झाली. १९५३ ची इटालियन फियाट ११०० हीच मांडणी घेऊन आली. वालचंद हिराचंद यांच्या प्रीमिअर ऑटोमोबाइल्सनं तिला कुर्ल्याच्या कारखान्यात आणलं. १९६४ मध्ये ती डिलाइट झाली, १९७४ मध्ये पद्मिनी. आपल्या कुटुंबांना ही मांडणी चांगलीच मानवली. नारायण नागबळीच्या विधीसाठी त्र्यंबकला निघालेल्या घराचा हिशेब सोपा असे : पुढे तिघं, मागे चौघं, मुलं मांडीवर.

उलटी वाट आधी लष्करानं धरली. १९४१ च्या विलीज एमए जीपचा गिअर स्टिअरिंगवर होता, पण युद्धात जगभर गेलेल्या एमबीमध्ये तो फ्लोअरवर आला. त्या जीपच्या वंशावर महिंद्रा उभी राहिली, आणि तिचा नाशिकचा कारखाना याच त्र्यंबक रस्त्याच्या अंगाला, सातपूरला आहे. घाटमाथ्यावरच्या ड्रायव्हरचा हात फ्लोअरच्या दांड्यावर बसला तो जीपमुळेही.

दांडी दगा देते म्हणजे नेमकं काय होतं, ते बॉनेट उघडून बघावं. दांडीला दोन हालचाली असतात. एकीनं गिअरची गल्ली निवडायची, दुसरीनं गिअर टाकायचा. स्टिअरिंगला समांतर जाणारा एक शाफ्ट या हालचाली खाली नेतो. तिथं दोन आर्म, त्यांना जोडलेले रॉड, आणि रॉडच्या दुसऱ्या टोकाला गिअरबॉक्स. प्रत्येक जोडावर एक बुश, एक पिन. एका बुशचा प्ले किरकोळ असतो, पण चार-पाच जोडांचा मिळून दांडीच्या टोकाशी चांगला बोटभर होतो. मग गल्ली पुरती निवडली जाण्याआधीच गिअर ढकलला जातो, दोन्ही आर्म एकमेकांत अडकतात, आणि गिअर ना लागतो ना निघतो. मागे हॉर्न वाजत असताना खाली उतरून, बॉनेट उचलून, हातानं आर्म एका रेषेत आणणारे ड्रायव्हर जुन्या पिढीनं भरपूर पाहिलेत.

गिअर खाली घेण्याच्या वाटा दोन. पहिलीत गिअरबॉक्स तोच ठेवून फक्त लिंकेज बदलायचं : फ्लोअरवर दांड्याची बैठक आणि तिथून गिअरबॉक्सपर्यंत आखूड रॉड. काम स्वस्तात होतं, पण जोड राहतातच. शिवाय पहिल्या गिअरला सिंक्रोमेश नसलं तर दांडा कुठंही असो, चालत्या गाडीत तो कुरकुरणारच.

दुसरी वाट म्हणजे गिअरबॉक्सच बदलणं. इथं कंपन्यांनीच दाखला घालून दिला होता. पद्मिनीच्या शेवटच्या आवृत्तीत प्रीमिअरनं आपल्या ११८ एनई गाडीचा निस्सान गिअरबॉक्स, फ्लोअरचा दांडा आणि बकेट सीट दिल्या. अँबॅसडरला नव्वदच्या दशकात इसुझूचं १८०० सीसी इंजिन मिळालं, सोबत पाच गिअर, तेही खाली. त्याआधी १९८४ च्या कॉन्टेसात अँबॅसडरचंच १४८९ सीसी इंजिन होतं, पण गिअर फ्लोअरवर. भंगारातल्या अशा गाड्यांवर मिस्त्रींची नजर राहिली ती यामुळे.

मात्र बॉक्स आणला आणि बसवला, इतकं हे सोपं नाही. बेल हाउसिंग इंजिनशी जुळलं पाहिजे. इनपुट शाफ्टचे दाते क्लच प्लेटला बसले पाहिजेत आणि त्याचं टोक फ्लायव्हीलमधल्या बुशमध्ये सरळ गेलं पाहिजे. नव्या बॉक्सची लांबी वेगळी, म्हणून खालची क्रॉस मेंबर सरकवायची. प्रोपेलर शाफ्ट लेथवर कापून, वेल्ड करून, बॅलन्स करून घ्यायचा. हा बॅलन्स चुकला तर वेग घेताच अख्खी गाडी थरथरते आणि दोष इंजिनावर जातो. स्पीडोमीटरची केबल आणि रिव्हर्सच्या दिव्याचा स्विचही नव्यानं जुळवायचा. शेवटी टनेलचा पत्रा कापून दांड्याला वाट करायची. आणि एवढं झाल्यावर पुढच्या सीटवर मधे बसणाऱ्याच्या दोन गुडघ्यांमध्ये दांडा येतो! दुसरा गिअर टाकताना त्याला पाय आवरावे लागतात. म्हणून गिअर खाली आला की सलग सीटही जाते, आणि गाडी सातांऐवजी सहांची होते.

पोटासाठी पळणाऱ्या गाडीला हा सौदा परवडत होता. अडकलेला गिअर म्हणजे बुडालेली फेरी. पण ते दिवस सरले. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २००३ मध्ये नोंदली गेली आणि वीस वर्षांची मुदत संपून २०२३ मध्ये रस्त्यावरून उतरली. अँबॅसडरचं उत्पादन २०१४ मध्ये थांबलं. उरलेल्या गाड्या हौसेच्या आहेत, रविवारी त्र्यंबकला जाऊन येणाऱ्या.

त्यात कायद्याचंही एक वळण आलंय. जुलै २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार पन्नास वर्षांवरच्या गाडीला ‘व्हीए’ अक्षरांची विंटेज नोंदणी मिळते, पण ती मूळ स्वरूपात हवी; चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार नको. पद्मिनी नावाच्या पहिल्या गाड्यांनी २०२४ मध्ये पन्नाशी गाठली. म्हणजे टनेलला कटर लावणारा मालक आज या नोंदणीवरचा आपला हक्कच कमजोर करतो.

आणि खरं दुखणं दांडीच्या जागेत नव्हतंच, ते बुशमध्ये होतं. सगळे बुश आणि पिना एकदम बदलल्या, शाफ्टला ग्रीस भरलं, रॉडची लांबी नीट जुळवली, तर तीच दांडी दोन बोटांनी चालते. बुश तयार मिळाले नाहीत तर कोणताही चांगला लेथवाला पितळेचे करून देतो. एवढं करूनही ज्याला दांडा खालीच हवा असेल, त्यानं पत्रा कापण्याऐवजी बोल्टची बैठक करून घ्यावी आणि काढलेला प्रत्येक भाग खुणा करून जपावा. मिस्त्रीचा सल्ला त्या काळात बरोबर होता, कारण गाडीला धंदा होता. आज गाडीकडे सवड आहे. तेव्हा आधी बुश करावेत, कटरचं नंतर बघता येईल.