कोळशानं काढलेलं चित्र

उन्हाळ्याची सुट्टी लागली की वास्कोला जायचं, हा आमच्या घरचा जुना रिवाज. बेळगावहून गाडी धरायची, लोंढ्याला चहा घ्यायचा आणि कॅसलरॉक मागं पडलं की दूधसागर येईपर्यंत खिडकी सोडायची नाही. माझी धाकटी मावसबहीण लग्न होऊन वास्कोला गेली. भावजी मूळचे धारवाडकडचे, बंदरात क्रेनवर होते. घरात ते कन्नड बोलणार, बहीण मराठीत उत्तर देणार आणि दारावर मासेवाली आली की दोघंही कोकणीत भाव करणार. सीमाभागातल्या आपल्या वाचकांना यात नवल वाटायचं कारण नाही.

मी चित्रकलेची शिक्षिका. तेहतीस वर्षं शाळेत मुलांना डोंगर, सूर्य, कमळ आणि कुंडी शिकवली, लोअर-हायर ग्रेडच्या परीक्षांना बसवलं. चित्र म्हणजे प्रसन्न काहीतरी, असं माझं मत होतं. २०१७ च्या मे महिन्यात वास्कोच्या त्या घरात या मताला पहिल्यांदा नीट धक्का बसला.

त्या एप्रिल-मे महिन्यांत मुरगाव बंदराच्या विस्ताराबद्दल वास्कोत जनसुनावण्या चालल्या होत्या. कोळशाची वाहतूक वाढणार म्हणून लोक तासन् तास रांगेत थांबून बोलत होते. डॉक्टर, मच्छीमार, गृहिणी, कॉलेजची मुलं, सगळेच. ‘गोंयांत कोळसो नाका’ ही घोषणा भिंतींवर आणि टी-शर्टवर दिसू लागली होती. माझ्या भाचीनं त्यासाठी एक चित्र काढलं. पलंगाच्या चादरीएवढा कागद जमिनीवर अंथरून तिनं एक बाई काढली होती. बाई खिडकीचं तावदान पुसते आहे, बोटं काळी झालीत, आणि पुसलेल्या जागेतून बंदरावरची क्रेन दिसते आहे. रंग नाहीत. सगळं चित्र कोळशाच्या कांडीनं काढलेलं.

भावजी कामावरून आले, दारात उभे राहिले आणि बराच वेळ काहीच बोलले नाहीत. मग हळूच म्हणाले, “याच कोळशावर तुझी फी भरली मी.”

भाची म्हणाली, “म्हणूनच काढलं, अप्पा.”

“सुम्नीर!” बहीण स्वयंपाकघरातून ओरडली. कन्नड ती फक्त रागावल्यावर बोलते. भावजींनी माझ्याकडं पाहिलं. “अक्का, तुम्ही सांगा. तुम्ही मास्तरीण. चित्र असल्या कामासाठी असतं का?”

मला उत्तर देता आलं नाही. त्याला कारण होतं, आणि ते कारण बेळगावातलं होतं.

१९९९ साली कारगिलचं युद्ध चालू होतं. मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र आपल्या गावात, त्यामुळं वर्गातल्या दर चार मुलांमागं एकाच्या घरचं कुणीतरी फौजेत. शाळेत ‘आमचे जवान’ या विषयावर चित्रस्पर्धा घेतली. सगळ्यांनी तिरंगा, तोफा आणि बर्फाचे डोंगर काढले. एका सातवीतल्या मुलानं मात्र अंगण काढलं. उंबऱ्यावर एक बाई बसलेली, फाटकात पोस्टमन, आणि ती बाई त्याच्याकडं न बघता जमिनीकडं बघते आहे. जवान कुठंच नाही. मी त्याला म्हटलं, “विषय सोडून काढलंस,” आणि चित्र बाजूला ठेवलं. त्या मुलाचे वडील तेव्हा सीमेवर होते. पुढं ते सुखरूप परत आले, पण माझ्या मनातून ते अंगण गेलं नाही. विषय सोडून त्यानं काही काढलं नव्हतं, विषय मलाच कळला नव्हता.

ती रात्र मी वास्कोला जागीच होते. दुसऱ्या दिवशी भाचीनं विचारलं, “मावशी, गोव्यात चित्रकारांनी असं काही केलंय का?” आणि मग मला माहीत असलेलं एकेक सांगत गेले.

साळगावचा फ्रान्सिस न्यूटन सोझा. मुंबईत जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकत होता, आणि ‘छोडो भारत’ चळवळीत भाग घेतल्याबद्दल १९४५ साली त्याला तिथून काढून टाकलं. दोनच वर्षांनी, १९४७ मध्ये, त्यानं सोबत्यांना घेऊन प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप काढला. त्याची सुरुवातीची चित्रं गोव्यातल्या कष्टकऱ्यांची आहेत. पुढं तो चर्चच्या दांभिकपणावर आणि श्रीमंतांवर असा काही तुटून पडला, की घरात लावायला धीर व्हावा अशी त्याची चित्रं थोडीच. मला स्वतःला ती सगळी आवडतात असं नाही.

मडगावचे लक्ष्मण पै तेही जे. जे. चेच. गोव्याच्या मुक्तीसाठी सत्याग्रह केल्याबद्दल पोर्तुगिजांनी त्यांना तीनदा अटक केली. नंतर ते दहा वर्षं पॅरिसला राहिले, परत येऊन गोव्याच्या कला महाविद्यालयाचे प्राचार्य झाले, २०१८ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळालं. २०२१ साली ते गेले. गंमत अशी, की तुरुंग बघितलेल्या या माणसाची चित्रं लयीची, संगीताची आणि ऋतूंची आहेत. निषेध माणसानं केला, चित्रानं गाणंच धरून ठेवलं. असंही असतं.

पण भाचीला सर्वांत लागली ती पोंबुर्फाच्या वामन नावेलकरांची गोष्ट. हे पोर्तुगालच्या शिष्यवृत्तीवर लिस्बनला चित्रकला शिकायला गेलेले. डिसेंबर १९६१ मध्ये भारतीय फौज गोव्यात आली. मुरगावच्या खाडीत पोर्तुगिजांची ‘अफोन्सो द अल्बुकर्क’ ही युद्धनौका गोळीबारात निकामी झाली, ती याच पाण्यात, भाचीच्या खिडकीतून दिसणाऱ्या. तिकडं लिस्बनमध्ये नावेलकरांपुढं भारताच्या निषेधाचा कागद सहीसाठी ठेवला गेला. त्यांनी सही केली नाही. शिष्यवृत्ती गेली. पोटासाठी ते मोझांबिकला शिक्षक म्हणून गेले. तो देश १९७५ मध्ये स्वतंत्र झाल्यावर नव्या राजवटीनं त्यांनाच छावणीत डांबलं. सुटून लिस्बनला पोचले तर शेकडो चित्रं भरलेली सुटकेस गहाळ. हा माणूस हातात बंदूक न घेता तीन खंडांतल्या राजकारणाखाली चिरडला गेला, आणि शेवटपर्यंत, म्हणजे २०२१ पर्यंत, चित्रं काढत राहिला. चित्रांवर सही करायचा ती ‘गणेश’ अशी, वारलेल्या भावाच्या नावानं.

भाची म्हणाली, “एक सही नाही केली म्हणून?”

“एका सहीपायी,” मी म्हटलं.

बाहेरच्या जगातलं पिकासोचं ‘गेर्निका’ तिला कॉलेजात शिकवलं होतं. एप्रिल १९३७ मध्ये स्पेनमधल्या त्या गावावर बाजाराच्या दिवशी बाँब पडले आणि काही आठवड्यांत पिकासोनं पावणेआठ मीटर लांबीचं चित्र उभं केलं. पुस्तकात ते बघून छपाईत रंग उडालेत असं मला कितीतरी वर्षं वाटायचं. मूळ चित्रच काळं, पांढरं आणि राखी आहे हे फार उशिरा कळलं! २००३ च्या फेब्रुवारीत इराकवरच्या युद्धाची भाषा चालू असताना संयुक्त राष्ट्रसंघात या चित्राचा जो विणलेला पडदा टांगलेला आहे, तो निळ्या कापडानं झाकला होता. तोफा असलेल्या माणसांनाही चित्र समोर नको वाटतं, ही गोष्ट मला मोठी वाटते.

आपल्याकडचे चित्तप्रसाद तर याहून जवळचे. १९४३ च्या बंगालच्या दुष्काळात ते गावोगाव पायी फिरले आणि भुकेल्या माणसांची शाईनं रेखाचित्रं काढली. तो दुष्काळ पावसानं कमी आणि महायुद्धानं जास्त आणला होता. त्यांची पुस्तिका इंग्रज सरकारनं जप्त करून जाळली. नंतर ते मुंबईला आले आणि अंधेरीत एका लहानशा खोलीत अनेक वर्षं राहिले. लिनोलियम कोरून ठसे काढायचे. त्यांचीही चित्रं काळी-पांढरीच. भाची हे ऐकून आपल्या कागदाकडं जरा वेगळ्या नजरेनं बघू लागली, असं मला वाटलं.

भावजी दारापाशी पेपर वाचत होते. पान उलटल्याचा आवाज मात्र आला नाही.

त्यानंतर २०२० आलं. टाळेबंदीत घरी बसलेल्या लोकांना कळलं, की मोलेच्या अभयारण्यातून दुपदरी रेल्वेमार्ग, वीजवाहिनी आणि रुंद रस्ता असे तीन प्रकल्प जाणार. रेल्वेमार्ग तोच, आपला, तिनईघाटहून कुळ्यापर्यंतचा. गोव्यातल्या तरुण चित्रकारांनी मोलेची झाडं, फुलपाखरं, गवे आणि बेडूक काढायला सुरुवात केली. त्यात शास्त्रज्ञ माहिती देत होते आणि चित्रकार ती रंगवत होते. १ नोव्हेंबर २०२० च्या रात्री चांदरला रुळांवर हजारो माणसं बसली. ९ मे २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयानं त्या दुपदरीकरणाची मंजुरी रद्द केली, नव्यानं अभ्यास करून प्रस्ताव आणायची मुभा ठेवून. चित्रांनी खटला जिंकला असं म्हणणं खुळेपणाचं होईल. वकील होते, अहवाल होते, गावकरी होते. पण मोलेचं रान कधी न पाहिलेल्या माणसाला त्याचं रान वाटायला लागलं, ते या चित्रांमुळं.

भाचीनंही तेव्हा दोन पाकोळ्या आणि एक शेकरू काढलं. भावजी एव्हाना निवृत्त झाले होते. शेकरू त्यांना आवडलं, ते त्यांनी फ्रेम करून आणलं. खिडकीतल्या बाईबद्दल मात्र घरात कुणी बोलत नसे. ते चित्र गुंडाळून कपाटाच्या माथ्यावर ठेवलं होतं.

गेल्या दिवाळीत मी पुन्हा वास्कोला गेले. सकाळी पोदेर पाव देऊन गेला, चहा झाला, आणि भावजी अचानक खुर्चीवर चढून ती गुंडाळी काढू लागले. जमिनीवर पसरली, चारी कोपऱ्यांवर चपला ठेवल्या, चष्मा पुसला.

“हिनं क्रेन चुकीची काढली आहे,” ते म्हणाले. “ग्रॅब असा उघडत नाही. दोन्ही जबडे एकदम उघडतात. एवढी वर्षं मी चालवली, मला विचारायचं तरी.”

भाची दात घासत आली ती तशीच उभी राहिली. “मग सांगा ना, अप्पा.”

त्यांनी माझ्याकडं हात पुढं केला. “अक्का, रबर?”

कोळशाला रबर चालत नाही, कागद खराब होतो. मी ताटातला एक पाव फोडला, आतला मऊ गर काढून त्याची गोळी केली आणि त्यांच्या हातात दिली. ते गुडघे टेकून बसले आणि क्रेनचा जबडा अगदी हळूहळू पुसू लागले.