मोदकाला उकड का लागते?

वाशिमकडे तुरीचे वरण उकळू लागले, की थंड पाण्यात मळलेल्या कणकेची पोळी लाटून तिचे तुकडे त्यात सोडतात. हीच वरणफळे. वरण खदखदत असते, तरी तुकडे विरघळत नाहीत. आता तांदळाची पिठी तशीच थंड पाण्यात भिजवून मोदक वळू पाहा. पारी लगेच चिरते!

याचे कारण प्रथिनांत आहे. गव्हातील ग्लियाडिन व ग्लुटेनिन ही प्रथिने पाण्यात मळली, की त्यांचे ग्लुटेन नावाचे लवचीक जाळे बनते. कणकेचा गोळा पाण्यात चोळून धुवा. पाणी पांढरे होते ते पिष्टामुळे. हातात रबरासारखा चिवट गोळा उरतो, तो ग्लुटेनचा. (इतका स्वस्त प्रयोग क्वचितच सापडेल.)

तांदळात असे जाळे विणणारी प्रथिने नाहीत. म्हणून पिठी उकळत्या पाण्यात घालून उकड काढतात. सुमारे ७० अंश सेल्सिअसला पिष्टाचे कण पाणी शोषून फुगतात, एकमेकांना चिकटतात आणि पारी वळता येते. ज्वारीच्या भाकरीला गरम पाणी घेतात, तेही याचसाठी.

उत्तर चीनमध्ये गहू पिकतो. तेथील ज्याओझ म्हणजे सारण भरलेल्या करंज्याच. त्यांची कणीक थंड पाण्यात मळतात. दक्षिणेतील कँटनच्या हार गावचे, म्हणजे कोळंबी भरून वाफवलेल्या पुडीचे, पीठ मात्र गव्हाचे असूनही उकळत्या पाण्यात भिजवावे लागते. असे का? त्यात मुख्यतः ग्लुटेन धुऊन काढलेले गव्हाचे पिष्ट असते. धान्य गव्हाचे, वागणूक तांदळाची! वाफवल्यावर ती पारी इतकी पारभासक होते, की आतली गुलाबी कोळंबी बाहेरून दिसते.